स्टोरीला आवक क्रमांक मिळतो का?

सांगलीहून एका आईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी 21 वर्षांची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. इन्स्टाग्रामवर दिवसाला आठ-दहा स्टोऱ्या टाकते: टेकडी वाचवा, नदी वाचवा, अमक्याला न्याय द्या. पण 15 जानेवारीला महापालिकेचं मतदान होतं तेव्हा सांगलीला आली नाही, दुसऱ्या दिवशी सबमिशन आहे म्हणाली. आईंचा प्रश्न असा की हे खरं सामाजिक भान आहे की नुसता टाइमपास? आणि उद्या एखाद्या पोस्टवरून पोलिसांचं लचांड मागे लागलं तर? तिला थांबवू का?

ताई, थांबवू नका. आणि टाइमपास हा शब्द तर तिच्यासमोर काढूच नका. त्या एका शब्दाने मुलं जी मिटतात, ती मग घरात कुठल्याच विषयावर तोंड उघडत नाहीत.

मी गेली 22 वर्षं कॉलेजच्या पोरांना माहिती अधिकार, ग्रामसभा, महापालिकेचं अंदाजपत्रक असले रुक्ष विषय शिकवतो. सुरुवात केली तेव्हा ऑर्कुटसुद्धा त्यांच्या हाती आलं नव्हतं. तेव्हाही वर्गातले बहुतेक जण कट्ट्यावर तावातावाने बोलायचे आणि कामाच्या दिवशी गायब व्हायचे, त्यामुळे 'आमच्या काळी' हे प्रकरण मी कधी फारसं मनावर घेतलं नाही. फरक एवढाच पडला की कट्ट्यावरचं बोलणं चहाबरोबर संपायचं. आता ते नऊशे लोकांना दिसतं, त्यातले शंभर जण बदाम टाकतात आणि रात्री झोपताना आपण काहीतरी केलं असं वाटतं. माझं भांडण आहे ते या वाटण्याशी. फोनशी नाही.

शिबिराची सुरुवात मी नेहमी एकाच खेळाने करतो. सगळ्यांना सांगतो, सार्वजनिक प्रश्नावर टाकलेली तुमची शेवटची स्टोरी उघडा. उघडतात, एकमेकांना दाखवतात, हसतात. मग विचारतो: हे काम सध्या कोणाच्या टेबलावर आहे? त्याचा निर्णय कोणत्या तारखेला व्हायचा आहे? आणि तुझं म्हणणं त्या टेबलापर्यंत पोचलं याची पोच तुझ्याकडे आहे का? चाळीस मुलांत एखाददुसरा हात वर होतो, तोही अर्धवट. राग सगळ्यांचा खरा असतो. पत्ता कोणाकडेच नसतो.

एका शहरातला मुलगा आठवतो. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. त्याच्या गल्लीच्या तोंडावर चेंबरचं झाकण तुटलं होतं आणि कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवली होती, आपल्याकडचा तो सर्वमान्य धोक्याचा इशारा. याने त्या फांदीवर रील केलं. फांदीला हार घातला, नारळ फोडला, 'महापालिकेचा वृक्षारोपण कार्यक्रम' असं वर लिहिलं. रील भन्नाट होतं. सत्तर हजार लोकांनी पाहिलं. खाली प्रतिक्रिया नागपूरच्या, बेंगळुरूच्या, एक तर दुबईची: भावा, आमच्याकडेही असंच. चेंबर उघडंच राहिलं. मग त्याने ॲपवर तक्रार टाकली, टोकन नंबर मिळाला, आणि चौथ्या दिवशी मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. फांदी तशीच होती. तेवढ्यात तिची पानं मात्र वाळली होती.

त्याला घेऊन मी क्षेत्रीय कार्यालयात गेलो. आवक-जावकच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी अर्ज वरखाली पाहिला आणि विचारलं, "दुसरी प्रत?" पोराने एकच आणली होती. "मग शिक्का कशावर मारू, तुझ्या हातावर?" तो पळत खाली झेरॉक्सला गेला. परत आला, बाईंनी दोन्ही प्रतींवर गोल शिक्का मारला, निळ्या पेनाने आवक क्रमांक आणि तारीख घातली आणि एक प्रत त्याच्या हातात दिली. त्या कागदाकडे तो ज्या नजरेने पाहत होता ती मी आजवर बऱ्याच मुलांच्या डोळ्यांत पाहिली आहे. सरकारने आपलं म्हणणं वहीत लिहून घेतलं, हे पहिल्यांदा कळण्याची ती नजर. त्याने त्या शिक्क्याचा फोटो स्टोरीला टाकला, खाली लिहिलं: सात दिवसांनी पुन्हा जातोय. सत्तर हजारांच्या मानाने ही स्टोरी पाहिली फक्त सहाशे जणांनी.

झाकण सहाव्या दिवशी बसलं. सिमेंटचं, जरा वाकडं, पण बसलं. रीलमुळे बसलं की शिक्क्यामुळे, हा वाद आम्ही नंतर वर्गात बराच घातला. माझं मत, दोन्हींमुळे. कनिष्ठ अभियंत्याने रील पाहिलं होतं, ते त्याने आपणहून सांगितलं, आणि हारनारळ पाहून त्याचा पारा चढला होता हेही सांगितलं. रील पाहून त्याला नुसता राग येऊ शकत होता. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला मात्र उत्तर द्यावं लागणार होतं, नाहीतर पुढच्या महिन्यात माहिती अधिकाराचा कागद येईल हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

तुमच्या लेकीच्या 'टेकडी वाचवा'बद्दलही हेच. स्टोरी चोवीस तासांत मावळते. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायची मुदत तीस दिवसांची. शहरात झाड तोडायचं असेल तर जाहीर नोटीस लागते आणि हरकत घ्यायला सहसा सात दिवस मिळतात. नोटीस पुष्कळदा त्या झाडावरच चिकटवलेली असते. पण माझ्या पाहण्यात येणाऱ्या स्टोऱ्यांमध्ये नोटिशीचा फोटो क्वचित असतो. असतात ते आडव्या पडलेल्या बुंध्यांचे, करवतीच्या आवाजाचे, रडणाऱ्या इमोजीचे. म्हणजे मुदत संपल्यानंतरचे. दोन घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चालतात आणि मुलांना त्यातलं एकच दिसतं.

आरेचं प्रकरण घ्या. 4 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. फोनवरून बातमी फिरली, तरुण पोरंपोरी मध्यरात्री तिथे पोचली, जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली. मग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि 7 ऑक्टोबरला पुढची तोड थांबवली. तोवर 2,141 झाडं पडली होती. मी हे उदाहरण देतो तेव्हा काही मुलं म्हणतात, म्हणजे त्या रात्री जमलेल्यांचा उपयोग झाला नाही. झाला. त्यांच्यामुळे देशाचं लक्ष तिकडे गेलं. पण तोड थांबली ती अशा एका कागदाने, ज्यावर कोणाला उद्देशून आणि काय मागणं हे स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता उलट बाजू, कारण या मुलांना संघटित होता येत नाही असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. 11 मार्च 2021. करोनामुळे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) राज्यसेवेची 14 तारखेची पूर्व परीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि काही तासांत पुण्याच्या नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर हजारो विद्यार्थी उतरले. बोलावणारा नेता नाही, फ्लेक्स नाही, मंडप नाही. दुसऱ्या दिवशी नवी तारीख जाहीर झाली, 21 मार्च, आणि परीक्षा त्या दिवशी झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा तेच, अलका टॉकीजच्या चौकात: वर्णनात्मक परीक्षा 2023 ऐवजी 2025 पासून लागू करा. रात्ररात्र बसून राहिले, मोठमोठे नेते भेटीला आले, आणि आयोगाने 2025 मान्य केलं.

हे कसं जमलं? टेलिग्रामवर. पण ते ग्रुप आंदोलनासाठी काढलेले नव्हते. चालू घडामोडींच्या नोट्स, जुने पेपर, उत्तरतालिकेवरचे आक्षेप, कुठल्या अभ्यासिकेत जागा आहे, कुठल्या मेसमध्ये रविवारी फीस्ट आहे, या रोजच्या देवाणघेवाणीने ते रस्ते आधीच तयार झाले होते. ऐन वेळी त्यावरून नोट्सऐवजी माणसं गेली. आणि मागणीला पत्ता होता, आयोग, तारीख होती, आणि ती एका वाक्यात सांगता येत होती. आंदोलनासाठी म्हणून काढलेले ग्रुप मी शेकड्याने पाहिले आहेत. दुसऱ्या आठवड्यात तिथे गुड मॉर्निंगची फुलं यायला लागतात.

पण याच मुलांची दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. सदाशिव पेठेत, नवी पेठेत चार-चार, सहा-सहा वर्षं राहणारी ही पोरं. खोलीचं भाडं, पाण्याची वेळ, अभ्यासिकेच्या जिन्यातला अंधार, यातलं काहीही त्यांना प्रभागात मांडता येत नाही. ज्यांच्या मतावर तिथला नगरसेवक निवडून येतो त्यांच्यात ही मुलं नाहीतच. त्यांची नावं बीडला, नांदेडला, जतला. एकदा मी एका वर्गात प्रत्येकाला मोजायला लावलं: तुझ्या फॉलोअरपैकी तू राहतोस त्या प्रभागात मतदान करणारे किती? नऊशे फॉलोअर असलेल्या मुलीने बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाली, "अकरा. त्यातला एक घरमालकांचा मुलगा, त्याला मी म्यूट केलंय."

म्हणून तुमच्या लेकीचं 15 जानेवारीचं न येणं मी आळसाच्या खात्यात टाकणार नाही. ती राहते पुण्यात, पाणी पिते पुण्याचं, रागावते पुण्याच्या नदीवर, आणि मत सांगलीत. तिने कोणाला मत द्यायला दोनशेच्या वर किलोमीटर यायचं होतं? सांगलीतल्या प्रभागात गेल्या तीन वर्षांत काय झालं हे तिला माहीत तरी आहे का?

आणि इथे थोडं आपल्याकडेही पाहायला हवं. पुण्यात महापालिकेची निवडणूक 21 फेब्रुवारी 2017 ला झाली, त्यानंतर थेट 15 जानेवारी 2026 ला. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती. तुमच्या सांगलीत 2018 च्या ऑगस्टमध्ये मतदान झालं होतं, 2023 ला तिथेही प्रशासक आला. म्हणजे 2017 च्या निवडणुकीनंतर लगेच अठरा पूर्ण केलेला पुण्याचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवकाला मत देईपर्यंत सव्वीस वर्षांचा झाला. मधली जवळजवळ चार वर्षं मी वर्गात उभा राहून प्रभाग समितीबद्दल शिकवत होतो आणि मुलं विचारत होती, "सर, आमचा नगरसेवक कोण?" मी सांगायचो, सध्या कोणी नाही. मग ती आयुक्तांना टॅग करायची. दुसरं कोणाला करणार? ज्यांच्या घराची बेल वाजवायची ते दारच चार वर्षं नव्हतं, आणि आपण म्हणतो मुलं फोनमध्ये डोकं घालून बसतात.

यात आणखी एक मेख होती. या निवडणुकीला मतदार यादी धरली ती 1 जुलै 2025 ची. त्यानंतर अठरा पूर्ण झालेली किंवा त्यानंतर नाव घातलेली मुलं बाहेरच राहिली. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन ओळखपत्र दाखवणारी आणि यादीत नाव नाही म्हणून परत फिरणारी पोरं मी स्वतः पाहिली. एकाने तिथल्या तिथे स्टोरी टाकली: लोकशाही सर्व्हर डाऊन. हसू आलं आणि वाईटही वाटलं.

नाव घालायची सोय आता खरं तर पूर्वीपेक्षा बरीच चांगली आहे. 2022 च्या ऑगस्टपासून वर्षातून चार तारखा ग्राह्य धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. नव्या नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलायला फॉर्म 8, दोन्ही फोनवरून भरता येतात. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मुभा असते, नाव आईवडिलांच्या पत्त्यावर ठेवा किंवा शिकतो त्या गावी घ्या. कॉलेजचं बोनाफाइड लागतं. तुमच्या लेकीचं एकच वर्ष उरलं असेल तर तिथे घ्यावं का, हा प्रश्न येईल. माझा कल असा: पुढची चार-पाच वर्षं नोकरीसाठी ती पुण्यातच राहण्याची शक्यता दिसत असेल तर आत्ताच हलवावं. सांगलीला परतायचं ठरलं असेल तर तिथेच असू द्यावं, पण मग सांगलीच्या प्रभागातल्या एका तरी कामावर तिचा डोळा हवा. दोन्हीकडे नाव मात्र ठेवायचं नाही, तो गुन्हा आहे. 'असू दे, कोण बघतंय' असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांचं ऐकू नये.

गावाकडे हीच गोष्ट उलटी होते आणि कधी कधी फार छान होते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप मला ठाऊक आहे. अडीचशे जण, त्यातले निम्मे चाकणच्या कंपन्यांमध्ये. नळपाणी योजनेवरून तिथे महिनोन् महिने नुसत्या ठिणग्या उडत होत्या, पाइप टाकले पण पाणी नाही, फोटोवर फोटो. या मुलांची नावं अजून गावच्या मतदार यादीत होती, म्हणजे कायद्याने ती ग्रामसभेची सदस्य. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, 15 ऑगस्टची त्यातली एक, आणि त्या दिवशी कंपनीला सुट्टी. आमच्या शिबिरात आलेल्या एकाने ग्रामसेवकाकडे आठ दिवस आधी लेखी विषय दिला: योजनेचं अंदाजपत्रक आणि झालेला खर्च वाचून दाखवावा. पोच घेतली. पोचेचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते लागतात, तर आपण शंभर जण मोजून येऊ. गणपूर्ती नसली की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला ती अटच राहत नाही, ही खोच त्याला शिबिरात कळली होती.

किती आले मी मोजले नाहीत, पण मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या कमी पडल्या. मुलगा फोनवर आकडे वाचायला लागला तसे सरपंच म्हणाले, "बास बाळा, कळलं सगळ्यांना." मागून एक म्हातारबा बसल्या जागेवरून म्हणाले, "मला न्हाई कळलं. वाचू दे त्याला." वाचलं. ठराव झाला, इतिवृत्तात आला. दोन पोरं लाइव्ह करत होती, त्यावरून थोडी बाचाबाचीही झाली. माझ्या मते लाइव्हची घाई चुकली. कॅमेरा दिसला की माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात आणि प्रेक्षकांशी बोलायला लागतात. इतिवृत्ताची नक्कल मागून घेणं जास्त कामाचं होतं, आणि ती त्यांनी चार महिन्यांनी मागितली, तोवर एक ओळ गायब झालेली होती.

आता तुमची भीती. ती उगाच नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबईच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. लाइकसाठी अटक! त्यातूनच एकविशीतल्या एका मुलीने, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी अटक करू देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम 66-अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, श्रेया सिंघल खटला म्हणून ती ओळखली जाते, आणि 24 मार्च 2015 ला ते कलमच रद्द झालं. तेव्हा एकविशीच्या मुलीच्या हातून काय होणार असं जे म्हणतात, त्यांना हे सांगावं. पण 66-अ गेलं म्हणून रान मोकळं झालं असं नाही. धार्मिक तेढ, अफवा, बदनामी यांची कलमं नव्या न्याय संहितेतही आहेतच.

आणि समाजमाध्यमावर काही घडत नाही असं मानणाऱ्यांनी धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवावं. 1 जुलै 2018. मुलं पळवणारी टोळी आली आहे, हे व्हॉट्सॲपवरचं व्हिडिओसहित खोटं, आणि त्यावरून बाजारच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. तुमच्या शेजारच्या कोल्हापुरात 7 जून 2023 ला काही स्टेटसवरून बंद, दगडफेक आणि इंटरनेट बंद, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. फॉरवर्डलाही पाय असतात, फक्त ते कुठे जाणार हे पाठवणाऱ्याच्या हाती राहत नाही. मी मुलांना साधा नियम देतो: माणसाबद्दल बोलू नकोस, कागद दाखव. 'अमका भ्रष्ट आहे' असं लिहिण्यापेक्षा निविदेची प्रत टाक, तारीख आणि आवक क्रमांक टाक. कागदावर कोणी केस करायला सहसा धजत नाही. आणि दुसऱ्याचा व्हिडिओ असेल तर कुठला, कधीचा, हे कळेपर्यंत बोट आवर. यापलीकडे तिला घाबरवू नका.

मग नेमकं करायचं काय? तिला भाषण नको. पुढच्या वेळी ती 'नदी वाचवा' टाकेल तेव्हा दोन शब्दांत विचारा: कुणाकडे गेलीस? चेष्टेच्या सुरात नको, खरंच जाणून घ्यायचं आहे अशा सुरात. ती चिडेल. दुसऱ्यांदा विचारल्यावर शोधायला लागेल, असा माझा अनुभव आहे.

पुण्यात तिला पहिली पायरी म्हणून मी माहिती अधिकाराचा अर्ज सुचवणार नाही, जरी तो फक्त दहा रुपयांचा असला आणि आपल्या राज्यात दीडशे शब्दांत, एकाच विषयावर लिहावा लागत असल्यामुळे मुलांना तो छान जमत असला तरी. कॅप्शन लिहायची सवय तिथे कामी येते, हा माझा जुना विनोद. पण तीस दिवस थांबायचं म्हटलं की निम्मी गळतात. त्यापेक्षा सोपं आहे ते सोमवारी दुपारी 3 ते 5. राज्य सरकारच्या 2018 च्या आदेशानुसार त्या वेळेत महापालिकेसारख्या कार्यालयांमध्ये नागरिकांना फाइली पाहायला खुल्या ठेवायच्या आहेत; पुण्यात ही सोय सध्या चालू आहे का, हे मात्र जायच्या आधी विचारून घ्यावं. अर्ज न करता, जाऊन बसायचं, फाइल मागायची. खुर्ची मिळायला वेळ लागतो, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकावं लागतं, पण फाइल उघडते. मैत्रिणीला घेऊन जाऊ दे. दोघी असल्या की कर्मचारी जरा सरळ बोलतात.

दुसरं, पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामं सुचवता येतात, पाच लाखांपर्यंतची. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज मागवतात. पदपथ, बाक, दिवा, सार्वजनिक स्वच्छतागृह. या योजनेत नाकारली जाणारी कामं भरपूर, मंजूर होऊन रेंगाळणारी त्याहून जास्त, हे मी लपवणार नाही. पण हॉस्टेलच्या गल्लीतला दिवा या वाटेने लागलेला मी पाहिला आहे. आणि अर्जाच्या मुदतीची आठवण पोरांपर्यंत पोचवायला स्टोरीसारखं दुसरं साधन नाही. तिथे तिचे फॉलोअर खरे कामाचे. त्यातले तीस जण त्याच कॉलेजच्या परिसरात राहत असतील, त्यांनी एकाच कामासाठी तीस अर्ज टाकले तर क्षेत्रीय कार्यालयात तो गठ्ठा दिसतो. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलेला हवा, एकाची नक्कल दुसऱ्याने करू नये.

एवढं सगळं तिला एकदम सांगू नका. येत्या सोमवारी जायला सांगा, आणि निघताना एवढंच आठवण करून द्या: अर्ज नेणार असलीस तर दोन प्रती ने, तिथली झेरॉक्स जेवायच्या सुट्टीत बंद असते.